सुलू, सिस्टीम पुन्हा टाकली

सुलू,

तुझ्या घरी अजून माणसं येतायत. येणारा प्रत्येक जण भावजींसमोर बसतो आणि मोठ्याने बोलतो. दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. भावजी मान हलवतात, हो हो म्हणतात, आणि फारच झालं की माझ्या आवाजाच्या दिशेला वळून म्हणतात, "इंदूताई, ह्यांना चहा द्या." चहा म्हणजे आता उठा. हे तुझ्याकडून शिकले ते.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या म्हणून निरोप आला. सुलभाताईंचा जन्म, शिक्षण, टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी, सामाजिक कार्य वगैरे. मी सांगून टाकलं, ते दुसऱ्या कुणाकडून घ्या. मला सुलूशीच बोलायचंय, आणि तेही आमच्या डबीबद्दल. अंकात छापायचं तर छापा, नाहीतर द्या परत, मी कपाटात ठेवेन. शेजारी शेजारी राहून आयुष्य गेलं, मधल्या भिंतीवर टकटक करून आपण बोलायचो. आता टकटक केली तर भावजी दचकतील. म्हणून लिहितेय.

वाचणाऱ्यांना डबी म्हणजे काय ते सांगायला हवं. डबी म्हणजे कॉम्प्युटर. पत्त्यांच्या जोडाएवढा. ना पडदा, ना पंखा, नुसती हिरवी पट्टी आणि तिच्यावर बारीक बारीक ठिपके. मोबाइलच्या चार्जरवर चालतो, त्यामुळे शुक्रवारी आपल्या डोंबिवलीत लाइट गेली तरी पॉवर बँकवर याचं आपलं सुरू. ही डबी भावजींना, म्हणजे सुलूच्या नवऱ्याला, पेपर वाचून दाखवते. दाखवायची.

त्याच्या आधी मी वाचायचे. काचबिंदूने भावजींची नजर गेली तेव्हा त्या माणसाला सगळ्यात जास्त पेपर गेल्याचं दुःख झालं. पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचणारा माणूस तो. तुझा घसा एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर बोलून बसलेला, लेक शिल्पा लांब घोडबंदरला, मग मी सकाळचा स्वयंपाक आटपून यायचे आणि वाचायचे. मला वाटायचं मी छान वाचते. एकदा तू स्वयंपाकघरातून म्हणालीस, "इंदे, तू बातमी वाचत नाहीस. तू बातमीवरून सुरू होतेस." भावजी इतके हसले की मला राग आला. मग मीच आठवून बघितलं, कल्याणच्या पुलाची बातमी वाचता वाचता मी माझ्या मावसबहिणीच्या लग्नात जाऊन पोचले होते. पूल राहिला तिकडेच.

शिल्पाने वडिलांना वाचून दाखवणारा मोबाइल आणून दिला. लेकीने प्रेमाने दिला, चांगला होता. पण त्या गुळगुळीत काचेवर भावजींना बोट कुठे ठेवायचं ते कळेना. बातम्या लावायला गेले आणि गॅसवाल्याला फोन लागला. तोही दोनदा-तीनदा. गॅसवाला विचारायला घरी आला, आजोबा सिलिंडर हवाय का. तेव्हा तू म्हणालीस, यांना एकच बटण पाहिजे. दाबलं की वाचायला सुरुवात, दाबलं की बंद. बाकी काही नको. आणि असं यंत्र कोणी विकत नाही म्हटल्यावर आपणच करू म्हणालीस. जणू काही कोथिंबीर वडी करायची होती.

ठाण्याला आपण डबी घ्यायला गेलो तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. दुकानातल्या पोराने आपल्याकडे बघितलं आणि विचारलं, "नातवाच्या प्रोजेक्टसाठी का, आजी?" तू चष्म्यावरून बघत म्हणालीस, "नवऱ्यासाठी." त्याने घाईघाईने डबी काढून समोर ठेवली. नंतर स्टेशनजवळ आपण मिसळ खाल्ली, आणि तू ती पिशवी मांडीवरून खाली ठेवेनास. आत बाळ असल्यासारखी धरलेली.

आता खरी गंमत. डबीबरोबर नखाएवढ्या मेमरी कार्डावर तिची आपली एक सिस्टीम आली होती. रंगीबेरंगी, चित्रं, खिडक्या, सगळं. आणि इतकी मंद, की चालू करून चहा टाकावा, गाळावा, प्यावा, तरी हिचं आपलं गोल फिरतंय. मराठी वाचायचा आवाजही तिला जमेना. तू चार दिवस कुठे कुठे काय काय वाचलंस आणि जाहीर केलंस, ही काढायची. दुसरी टाकायची. लिनक्स म्हणतात तीच, पण हलकी, बिनचित्राची, नुसत्या अक्षरांची.

मी घाबरले. कंपनीने घालून दिलेलं काढायचं म्हणजे काय? बंद पडली तर? मी सातवी शिकलेली बाई, शिवणकाम करून घर चालवलेलं. इंग्रजी शिकले ती डब्यांवरची लेबलं वाचून आणि मुलांच्या पुस्तकातून. तू मला माझ्याच भाषेत समजावलंस. म्हणालीस, तयार ब्लाउज आणते बाई तुझ्याकडे, तर तू काय करतेस? उसवतेस आणि तिच्या मापाचा करतेस. हे तेच आहे. कापड तेच, शिवण आपली. मग मला एकदम सोपं वाटलं. आणि बिघडलं तर काय, विचारल्यावर म्हणालीस, "पुन्हा टाकू."

हे तुझं वाक्य. तू गेल्यावर मला या वाक्याचा फार राग आला होता, खरं सांगते. पुन्हा टाकू म्हणे.

आपली काम करायची पद्धत कोणाला सांगितली तर विश्वास बसणार नाही. डबीला पडदा नाही म्हणून तुमचा हॉलमधला टीव्हीच तिला जोडायचा. तुझ्या चष्म्याला जवळचं दिसायचं, टीव्हीवरचं नाही. मला टीव्हीवरचं दिसायचं, पण कीबोर्डवर माझं बोट अक्षर शोधत फिरणार. म्हणून मी टीव्हीसमोर मोडा टाकून बसायचे आणि जे येईल ते खणखणीत वाचायचे. तू लांब जेवणाच्या टेबलाशी बसून टाइप करायचीस. मध्ये भावजी आरामखुर्चीत. मी ओरडतेय, भाषा कोणती विचारतंय. तू म्हणतेयस, पुढे. मी ओरडतेय, देश कोणता. तू म्हणतेयस, भारत, एवढंही विचारायला लागतं का. घड्याळ लावताना भारताची वेळ कोलकात्याच्या नावाने आली, तर तुझा पाराच चढला. मुंबईने काय घोडं मारलंय, असं त्या टीव्हीला विचारलंस.

आणि तो पासवर्ड. तू टाइप करतेयस, टीव्हीवर काहीच उमटत नाही. ना अक्षर, ना ठिपका. मी सांगतेय, सुलू, काही येत नाहीये. तू जोरात दाबतेस. मी सांगतेय, अजून काही नाही. मग तू कीबोर्ड उलटा करून झटकलास, त्यातून शेवेचे तुकडे पडले. पुन्हा टाइप. पुन्हा काही नाही. तेव्हा भावजी म्हणाले, "अगं, दिसू द्यायचा नसेल त्याला. पासवर्ड आहे ना." ज्याला काही दिसत नाही त्याने आपल्याला हे सांगावं. खरोखरच तसं होतं, ती सिस्टीम पासवर्ड दाखवतच नाही. तोपर्यंत तू काय काय दाबलं होतंस ते देवाला ठाऊक, म्हणून मग सगळं पहिल्यापासून.

भाषेवरचं भांडण आपलं राहिलंच बघ. यादीत मराठी निघाली तेव्हा तू टाळ्या पिटल्यास आणि मराठीच घ्यायची असा हट्ट धरलास. मग पडद्यावर विभाजन आलं, आरोहण आलं. मी म्हटलं, सुलू, पार्टिशन मला कळतं, आमच्या हॉलमध्ये प्लायवूडचं आहे. विभाजन म्हणजे मला भारत-पाकिस्तान आठवतं. इंग्रजीच ठेव, सोपी पडते. तू म्हणालीस, आपल्या भाषेत कोणीतरी बसून एवढं करून ठेवलंय, फुकट, ओळख ना देख, आणि तू नाकं मुरडतेस? त्यांच्यासाठी तरी वापर. मी म्हटलं, त्यांना नमस्कार सांग, पण मला कळेल असं लिही म्हणावं. तू हट्टी, मीही कमी नाही. आत्ताही मला वाटतं माझंच बरोबर होतं. आणि आत्ता तू काय म्हणाली असतीस तेही ऐकू येतंय.

डबी बोलायला लागली तो दिवस तुझा. गोल मोठं बटण, दाबलं की इंटरनेटवरून पेपर उतरवून घेणार आणि वाचणार. तो प्रोग्राम तू स्वतः लिहिलास, कुठून तरी शिकून, चुकत माकत. बटण दाबल्यावर आधी काय बोलायचं ते तू तिला शिकवून ठेवलं होतंस. एका सुरात, यंत्राच्या कोरड्या आवाजात ती म्हणायची, "नमस्कार. पेपर वाचू, का आधी भांडायचंय?" भावजी रोज उत्तर द्यायचे तिला.

मग ती मध्येच थांबायला लागली. अग्रलेखाच्या ऐन मध्यावर गप्प. मी म्हटलं तुझी सिस्टीम जड आहे. तू म्हणालीस कल्याणहून आणलेलं नवं कार्ड खराब आहे, ते मी निवडलेलं. दोन दिवस आपण बोललो नाही. मग पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. शेवटी भावजींनी हात पुढे करून डबी चाचपली आणि म्हणाले, हिला ताप आलाय. तापणारच होती. तू तिच्यासाठी लोकरीचं झबलं विणलं होतंस. फ्रिजच्या दांड्याला विणलं, टीव्हीच्या रिमोटला विणलं, मग डबीने काय घोडं मारलंय म्हणून तिलाही, बटणं लावून, गच्च. बिचारी त्यात शिजत होती. झबलं काढलं तशी पूर्ण पेपर वाचून वर राशिभविष्यही वाचलं तिने. तू मान्य केलं नाहीस. म्हणालीस, थंडीत घालू.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तू मला विचारलंस, डबी चालतेय का? मी म्हटलं, चालतेय, आज सकाळी सगळा पेपर वाचला. खरंच वाचला होता. तू डोळे मिटलेस. मला तेव्हा खूप काही बोलायचं होतं. म्हणजे असं, की मला वाटायचं मी म्हातारी झाले, आता नवीन काही माझ्याच्याने होणार नाही, आणि तू मला मोड्यावर बसवून काय काय वाचायला लावलंस. ते राहिलं. त्याऐवजी मी तुला शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून काय म्हणाली ते सांगत बसले. बातमीवरून सुरू झाले, दुसरं काय.

त्यानंतर घरात माणसं भरली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येकाला चार्जिंग हवं. कोणीतरी डबीची वायर काढली, स्वतःची लावली. मग दुसऱ्याने. डबीला असं एकदम उपटलेलं चालत नाही, हे तू आम्हाला किती वेळा बजावलंस, पण त्यांना कोण सांगणार. मला कळलं तोपर्यंत कार्डावरची सिस्टीम बिघडलेली. भावजींनी सकाळी बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. मग हात मांडीवर ठेवून बसले. त्या घरात तेव्हा मला पहिल्यांदा खूप शांतता वाटली.

त्यातच शिल्पाचं सुरू झालं. तिचंही चुकत नाही गं. ती म्हणते, बाबा एकटे कसे राहणार? दिवसभर काय करणार? तिकडे आमच्याकडे चला. भावजी म्हणतात, इथे मला भिंती माहिती आहेत, वास माहिती आहेत, माझा पेपर आहे. ती म्हणते, पेपर कुठे आहे, बाबा, तो तर बंद पडलाय. तिने ठरवून टाकलं, रविवारी गाडी घेऊन येते, निदान काही दिवस चला. भावजी हो म्हणाले. ते असं हो म्हणाले की मला घरी येऊन रडू आलं. तिकडच्या एकोणिसाव्या मजल्यावर तो माणूस कोणत्या भिंतीला हात लावून चालणार? काही दिवस म्हणून जायचं, आणि मग तिकडचंच व्हायचं. हे आपण किती घरांत बघितलंय.

रविवारी सकाळी मी तुझा लॅपटॉप काढला आणि डबी टीव्हीला जोडली. तुझा वाचनाचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर होता, तोही काढला. शिल्पाला घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून यायला वेळ लागणार होता, तेवढा मला पुरला तर पुरला. नवी सिस्टीम उतरवून घेतली. ती कार्डावर चढवायला गेले, तर लॅपटॉपने नेहमीचा प्रश्न विचारला. या कार्डावरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का?

हा प्रश्न आपण हसत हसत किती वेळा ओलांडलाय. या वेळी माझा हात थांबला. तुझा तो नमस्कार पेनड्राइव्हवर नव्हता, तू तो कार्डावरच लिहिला होतास. आवाज किती भरभर हवा, कुठे थांबायचं, पेपरातलं काय आधी वाचायचं, सगळं तुझ्या हाताने लावलेलं त्यावर होतं. मी भावजींना सांगितलं. म्हटलं, थांबू या का? शिल्पाच्या ऑफिसात कोणी काढून देईल यातलं.

भावजी माझ्या आवाजाकडे वळले. मग म्हणाले, "ती काय कार्डात बसलीय का, इंदूताई? पुसा. ती असती तर एवढ्यात दोनदा पुसलं असतं."

पुसलं, सुलू.

मग मी एकटी. टीव्हीसमोर मोड्यावर बसून वाचायचं, उठायचं, टेबलाशी जाऊन टाइप करायचं, पुन्हा मोड्यावर. गुडघ्यांनी सत्याग्रह केला. तेव्हा भावजी म्हणाले, तुम्ही टेबलाशीच बसा, पुढचं मी सांगतो. आणि त्यांनी खरंच सांगितलं. आता भाषा विचारेल. आता देश. आता घड्याळ, कोलकाता म्हणा, वाद घालू नका. आता पासवर्ड, काही दिसणार नाही, दाबत राहा. आपण दोघी ओरडत होतो, तेव्हा हा माणूस खुर्चीत बसून सगळं पाठ करत होता. विभाजन आलं तेव्हा मी अडखळले, तर म्हणाले, "पूर्ण कार्ड द्या. सुलभा नेहमी पूर्णच द्यायची." हो, मी मराठीच घेतली. तुझं ऐकलं असं समजू नकोस. भावजींना ते सगळं मराठीतच पाठ होतं, म्हणून.

मध्ये एकदा चुकलं. पेनड्राइव्हवरचं कुठे ठेवायचं ते मला आठवेना. ते म्हणाले, घाबरू नका, पुन्हा टाकू. तुझाच सूर. मला राग नाही आला या वेळी.

आणि अगं, लागलं. नमस्कार काय घालायचा विचारलं, तर नको म्हणाले, थेट बातमी. बटण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दाबलं. जरा वेळ गेला, मग तो कोरडा आवाज सुरू झाला. जरा भरभर वाचत होती, तू लावलेल्या वेगापेक्षा. मी विचारलं कमी करू का, तर हाताने गप्प केलं मला. राजकारण झालं, रस्त्याचं काम झालं. मग तिने त्याच एका सुरात वाचलं, दुरुस्तीच्या कामामुळे उद्या डोंबिवली पूर्वेत दिवसभर पाणी येणार नाही.

भावजी सरळ बसले. स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणाले, "सुलभा, बादल्या..."

डबी वाचत राहिली, तिला काय.

मग त्यांनी बटण दाबून तिला थांबवलं आणि उठले. मी उठायला लागले तर म्हणाले, तुम्ही बसा. भिंतीला हात लावत गेले. आयुष्यात या माणसाने कधी बादली भरली नव्हती, तू कधी भरूच दिली नाहीस. बाथरूममधून बादली सरकवल्याचा आवाज आला. नळ सुटला. मी कान देऊन बसले, आता वाहून जाणार, आता जमिनीवर पाणी. पण बरोबर भरता भरता नळ बंद झाला आणि दुसऱ्या बादलीखाली सुरू झाला. आतून मला म्हणाले, "आवाजावरून कळतं हो भरली ते."

तेवढ्यात बेल वाजली. शिल्पा आली होती. बाबा, तयार आहात ना, म्हणून बाहेरूनच विचारत होती.

"थांब जरा," भावजी आतून ओरडले. "पाणी भरतोय. उद्या येणार नाहीये, पेपरात आलंय."

मी दार उघडायला गेले.